एकाच ‘घर’ची सहा रूपं: अहिराणी शब्दयादी, आयपीए आणि तीनदा परत आलेली फाईल

अहिराणी शब्दयादी आयपीएमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, लिहून द्यायची होती. धुळे, अमळनेर, शिरपूरकडचे शब्द ध्वनिमुद्रित करून उतरवून घेतले, ते काम सुरळीत झालं. फाईल मात्र स्वीकारणाऱ्या कार्यालयातून तीनदा परत आली. कारण दर वेळी ‘एकच शब्द वेगवेगळा नोंदला आहे’ आणि उपाय दर वेळी ‘एनएफसी करून पाठवा’ (एनएफसी म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकी रूपं एक करणारी प्रक्रिया). कारण बरोबर होतं, उपाय साफ चुकीचा. त्यात दीड महिना गेला, त्याचा राग अजून आहे.

‘घर’ हाच शब्द घ्या. त्यातल्या अ-साठी आयपीएत श्वा लागतो, म्हणजे उलटा फिरवलेला छोटा ई. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, असे दिसणारे तीन ई आहेत. आयपीएचा श्वा दशमान क्रमांकाने ६०१, अझरबैजानी लिपीतही तोच. कानुरीसारख्या आफ्रिकी भाषांसाठीचा ४७७. आणि कझाख, तातार यांच्या सिरिलिक लिपीतला १२४१. छापल्यावर तिन्ही सारखेच. आमची यादी तिघांनी टंकली होती आणि कॅरेक्टर मॅपमधून प्रत्येकाने नजरेला पटला तो उचलला. ग-चंही तसंच: आयपीएचा ६०९, कळफलकावरचा साधा १०३. तीन श्वा, दोन ग, म्हणून ‘घर’ सहा प्रकारचं. शोधायला गेलं की त्यातलं एकच सापडणार.

एनएफसीने हे का सुटत नाही? साध्या रोमन ए-वर नासिक्याची लाट (~) असेल, तर ती ए आणि ७७१ अशा दोन चिन्हांत लिहिता येते किंवा २२७ या एका तयार अक्षरात. एनएफसी या दोन रूपांचं एक करतं. श्वावर लाट असेल तर तिथे तयार अक्षरच नाही, दोन चिन्हं राहतात आणि ती तशीच राहायला हवीत. पण ६०१, ४७७ आणि १२४१ ही युनिकोडच्या लेखी तीन स्वतंत्र अक्षरं आहेत. एनएफसी हजारदा चालवा, ती एक होणार नाहीत. कार्यालयात बसलेल्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवं होतं.

खरा उपाय एक्सेलमध्ये निघाला. युनिकोड(मिड(ए२,३,१)) हे सूत्र शब्दातल्या तिसऱ्या चिन्हाचा क्रमांक देतं. ‘घर’साठी ओळीने ६०९, ६८९, ६०१, ६३८ यायला हवेत. दुसऱ्या जागी ६८८ आला तर घ-मधल्या घोष महाप्राणाऐवजी ख-मधल्या अघोषाचं चिन्ह पडलंय. मग सबस्टिट्यूटने युनिकॅर(४७७) आणि युनिकॅर(१२४१) यांच्या जागी युनिकॅर(६०१) घालायचं. हे फक्त आयपीएच्या रकान्यात करा. आमच्याकडे १०३ चा ६०९ सगळ्या पानावर झाला आणि इंग्रजी अर्थांमधले सगळे जी बिघडले.

वर्डमध्ये असाल तर श्वा निवडून शिफ्ट-एफ३ दाबा. ४७७ असेल तर आरशात पाहिल्यासारखा मोठा ई उमटतो, ६०१ चा तसा होत नाही. सिरिलिक मात्र या परीक्षेत सुटतो, त्याला क्रमांकच पाहावा लागतो. टंकताना ०२५९ (६०१ चंच षोडशमान रूप) हे आकडे इंग्रजीत लिहून ऑल्ट-एक्स दाबलं की नेमका श्वा येतो. ग-साठी ०२६१. हे पहिल्याच दिवशी तिघांना लिहून द्यायला हवं होतं.

दीर्घत्वाची खूण राहिलीच: ती ७२०, साधा विसर्गासारखा कोलन ५८. ळ-ने मात्र फारसा त्रास दिला नाही, कारण अहिराणीत ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो.

चौथ्या खेपेला फाईलसोबत वापरलेल्या प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकाचा तक्ता जोडला. चार दिवसांत स्वीकारल्याचं पत्र आलं.