नंबर प्लेटचा फोटो आणि काकांचा नकाशा

पाचशे रुपयांच्या मेमोसाठी वकिलाकडे कोणी येत नाही. बडोद्यात ई-चलनाला सगळे मेमोच म्हणतात. तो आला की लोक चडफडतात आणि भरून टाकतात. म्हणून दांडिया बाजारातले एक काका फाइल घेऊन आले, तेव्हा मला वाटलं भाडेकरूचं काही असेल. फाइलमध्ये पार्किंगचा मेमो होता आणि त्याला टाचलेला रावपुऱ्यातल्या एका रस्त्याचा नकाशा.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. फुटपाथची कड, विजेचा खांब, कडुनिंबाचा बुंधा, स्कूटर आणि ‘नो पार्किंग’ची पाटी, सगळं टेपने मोजून काढलेलं. पाटी झाकणाऱ्या फांद्यांचा घेर तुटक रेषेने, कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली प्रमाण. पंचनाम्यांना जोडलेले नकाशे मी कायम बघते. बाण असतोच असं नाही, प्रमाण तर मागूच नये.

उलट मेमोवरचा फोटो बघा: मागचं चाक आणि नंबर प्लेट, बस. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२२ सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशी गाडी सोडून जाऊ नये. दंड कलम १७७ खाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत. नंबर प्लेटवरून गाडी कोणाची ते कळतं, पण अडथळा कोणाला झाला ते कसं कळणार? त्यात फोटो म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा. १ जुलै २०२४ पासून त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब होतं तेच. मेमोला ते जोडायची तसदी कोण घेतो?

आधी प्रकरण लोकअदालतीत लागलं. तिथे मेमोंचे गठ्ठेच्या गठ्ठे निकाली निघतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा छापून येतो. त्या आकड्यात किती जणांचं खरं होतं, हे कोणी विचारत नाही. विचारायची सोयही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालत फक्त समजोता घडवते, कोण बरोबर ते ठरवत नाही. समजोता नाही झाला तर कागद परत कोर्टात.

पॅनेलवरचे साहेब सौजन्याने म्हणाले, “काका, भरून टाका ना, विषय संपेल.”

“माझा विषय तिथूनच सुरू होतो,” काका म्हणाले आणि नकाशा उलगडायला लागले. मागची रांग हसली. मला राग आला, रांगेचा.

मग दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तारखा. (तिथे बाहेर ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली आम्हा वकिलांच्याच गाड्या उभ्या असतात, हे काकांनी पहिल्याच दिवशी हेरलं आणि मला दाखवलं.) गुन्हा कबूल नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. समोरच्यांकडे ना पूर्ण फोटो, ना प्रमाणपत्र, ना साक्षीदार. शेवटी पुराव्याअभावी निर्दोष. आदेश दोन ओळींचा.

मी खुशीत बाहेर आले. काकांनी आदेश वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“अगं, यात पाटीबद्दल काहीच नाही.”

“काका, तिथवर जायची गरजच पडली नाही. त्यांचा पुरावाच टिकला नाही.”

“म्हणजे ते हरले. पण माझं खरं ठरलं का?”

कायद्याच्या भाषेत याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. ते दिलंही. त्यांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाहीये. इतका सुरेख नकाशा पुराव्यात आलाच नाही, कारण मी समोरच्याचं लंगडं कागदपत्र आधी गाठलं. वकील म्हणून तेच करायला हवं होतं. पुन्हा वेळ आली तर तेच करीन. पण पाटी अजून फांद्यांआडच आहे, आणि तिथे रोज कोणी ना कोणी स्कूटर लावतंय.

गेल्या आठवड्यात काका परत आले. नवा नकाशा, पाटी कुठे हलवायची ते लाल शाईने. सोबत अर्ज करून दे म्हणाले. मसुदा तयार आहे, फक्त वरचा ‘प्रति’ कोरा आहे. पाटी लावणारं खातं वेगळं, झाड छाटणारं वेगळं आणि मेमो पाठवणारं तिसरंच. काकांचं म्हणणं, तिघांनाही पाठव, नकाशाच्या प्रती मी काढून देतो, झेरॉक्स नाही, हाताने.