‘ताई, एवढं तिकीट करून द्या’

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कस्टमर केअरमध्ये रजा मागायची नसते. बसतिकिटांचं अ‍ॅप, कोकणात निघालेली निम्मी मुंबई, आणि नेमका त्या संध्याकाळी पेमेंटचा सर्व्हर बसला. पैसे कट, तिकीट नाही.

चॅटबॉटला न आवरलेली भांडणं माझ्याकडे येतात. त्यात डोंबिवलीच्या एका काकांचं चॅट होतं. आमच्या बॉटला हसऱ्या मुलीचा चेहरा दिलाय, नावही मराठी मुलीचं. उत्तर तयार असलं तरी ‘टाइप करत आहे’चे ठिपके थोडा वेळ नाचतात, माणूस वाटावा म्हणून. काकांना ती माणूसच वाटली. ‘ताई, यंदा गणपती आमच्याकडे आहे. आई कणकवलीला एकटी. एवढं तिकीट करून द्या.’ उत्तर: ‘मी तुमची अडचण समजू शकते.’ काका आणखी मोकळे झाले, पार आईच्या गुडघ्यांपर्यंत. पुन्हा पुन्हा तेच वाक्य, तेच हसू आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या ओळी इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मी फोन केला. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम सांगू लागले: यूपीआयने व्यापाऱ्याला दिलेले पैसे असे अडकले तर ५ दिवसांत परत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

“पैशाचं राहू द्या हो मॅडम,” ते म्हणाले. “मी इतका वेळ आईचं दुखणं कुणाला सांगत होतो?”

ज्यांना त्या संध्याकाळी कोरडा एसएमएस गेला, त्यांनीही शिव्या घातल्या, पण सर्व्हरला. बॉटशी बोललेले मात्र आम्हाला निर्दयी म्हणत होते. मशीन बिघडतं, हे लोक धरूनच चालतात. ‘समजू शकते’ म्हणून ढिम्म बसणाऱ्या बाईला कोण माफ करेल?

मीटिंगमध्ये डिझाइनवाला मुलगा म्हणाला, एरवी लोक तिला बदाम पाठवतात. खरंय. तिकीट हातात पडलं की कुणीही गोड वाटतं! लीगलवाल्याने एअर कॅनडाचा दाखला काढला: चुकीची माहिती देणारा चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार, असा त्या विमान कंपनीचा बचाव कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने २०२४मध्ये फेटाळला. म्हणजे बाई आपलीच.

शेवटी रिफंडच्या चॅटमधून चेहरा आणि ‘समजू शकते’ काढायचं ठरलं. पहिल्याच ओळीत रक्कम, तारीख आणि माणसाशी बोलायचं बटण. ठिपक्यांवर एकमत झालं नाही. ते अजून नाचतात.