प्राध्यापकपद, गूळ आणि बंद झालेली यादी

सहयोगी प्राध्यापकाला कॅसखाली, म्हणजे सेवेतील पदोन्नतीच्या योजनेखाली, प्राध्यापक व्हायचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीनुसार पीएच.डी., किमान दहा शोधनिबंध (त्यांपैकी तीन मूल्यांकनाच्या काळातील) आणि संशोधनाचे ११० गुण लागतात. माझ्या बाबतीत सेवेच्या नोंदी, अध्यापनाचा तपशील, प्राचार्यांची शिफारस हे सारे बिनबोभाट झाले. फाइल अडकली ती पडताळणीच्या एका टेबलावर, आणि तो राग अजून गेलेला नाही.

मी कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवतो आणि माझे संशोधन गुळावर आहे. कारखान्याला घातलेल्या उसाला एफआरपीचे (सरकारने ठरवलेल्या किमान दराचे) कायदेशीर संरक्षण असते, गुऱ्हाळाच्या उसाला नसते. तरीही तोडीची पाळी लांबली की शेतकरी गुऱ्हाळाकडे का वळतो, याची मांडणी करणारा माझा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते नियतकालिक यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत होते. मे २०१८ मध्ये यूजीसीने त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली आणि त्यांत तेही गेले. पुढे तिच्या जागी यूजीसीचीच केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. आमच्या टेबलाचे म्हणणे मात्र एकच : संकेतस्थळावरील यादीची आजची प्रत जोडा. जी यादीच आता लागू नाही, तिच्यात नाव दाखवायचे कसे, या प्रश्नाला प्रत्येक वेळी ‘त्रुटी पूर्ण करा’ एवढेच उत्तर मिळे. निबंधात काय लिहिले आहे, हे त्या साऱ्या काळात एकानेही विचारले नाही.

सुटका केली ती ग्रंथपालांनी. त्यांनी २०१७ च्या यादीतील संबंधित पान तारखेसह छापून ठेवले होते. त्यासोबत मी संपादकांचे समीक्षणाविषयीचे पत्र जोडले आणि समकक्ष तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणारे नियतकालिकही चालते, हे नियमावलीतील कलम अधोरेखित करून दिले. त्यानंतर फाइल निमूटपणे पुढे सरकली. म्हणून निबंध छापून येईल त्याच दिवशी यादीचे पान, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका छापून ठेवावी.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधाचे प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. लेखक तीन किंवा अधिक असतील, तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना ३० टक्के. तेव्हा विद्यार्थ्यांसोबत लिहिताना नावांचा क्रम निबंध पाठवण्यापूर्वीच ठरवावा.