शिकवायला दुसऱ्याचं मूल बरं

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत दोन शिक्षिका राहतात. एक ए विंगमध्ये, दुसरी सी विंगमध्ये. दोघी वेगवेगळ्या शाळांत, पण दोघींचा विषय गणितच. संध्याकाळी सातच्या सुमाराला ए विंगमधला मुलगा वही-कंपास घेऊन सी विंगमध्ये जातो आणि सी विंगमधली मुलगी ए विंगमध्ये येते. वाटेत पार्किंगमध्ये दोघांची गाठ पडली तर एकमेकांकडे फार सहानुभूतीनं बघतात. पूर्वी लग्नांत साटंलोटं व्हायचं, तुमची मुलगी आमच्याकडे आणि आमची तुमच्याकडे. हे तसंच, फक्त अवयव पाडण्यापुरतं.

पैसे कुणी कुणाला देत नाही. होळीला पुरणपोळीचा डबा इकडून तिकडे जातो, तेवढंच. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमानं शाळेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणीला मनाई केली आहे. पुरणपोळी ही फी धरायची का, हा कीस मी काढणार नाही. मला कुतूहल वेगळंच होतं. लिफ्टमध्ये एकदा सी विंगवाल्या बाईंना विचारलंच, "अहो, तुम्ही स्वतः इतकं छान शिकवता, मग लेकीला तिकडे कशाला पाठवता?"

"वर्गात साठ जणांना एकच गोष्ट सहा वेळा सांगते मी," त्या म्हणाल्या. "हिला दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की माझा आवाज चौथ्या मजल्यावर ऐकू जातो."

त्या राहतात दुसऱ्या मजल्यावर.

शिकवणी लावताना आपण पोरांसाठी ज्ञान विकत घेतो असं आपल्याला वाटतं. मला आता खात्री वाटते की आपण ज्ञान घेत नाही, परक्या माणसाचा धीर घेतो. तासाच्या हिशेबानं. आठवीचं गणित मला येतं, नवऱ्याला तर उत्तम येतं. तो दिवसभर ऑफिसात ऑडिटरच्या त्याच त्या प्रश्नांना न चिडता उत्तरं देतो. पण लेकीनं कंस सोडवताना आतलं वजाचं चिन्ह बदललं नाही की त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागते. कारण त्याला ते चिन्ह दिसतच नाही. त्याला थेट दहावीचा निकाल दिसतो, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची यादी दिसते, त्यातला कट-ऑफ दिसतो आणि त्या कट-ऑफच्या खाली आपली मुलगी दिसते. शिकवणीच्या बाईंना फक्त वजाचं चिन्ह दिसतं. त्या ते पेन्सिलीनं गोल करतात आणि "हं, पुढे" म्हणतात. एवढ्या "हं, पुढे"साठी आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे भरतो, आणि ते महाग आहेत असं मला अजिबात वाटत नाही.

हा धीर सापडणं मात्र सोपं नाही. माझ्या लहानपणी शिकवणी ढ मुलांना असायची. संध्याकाळी दप्तर घेऊन कुणी दिसलं तर ते मूल "मावशीकडे चाललोय" असं सांगायचं. आता उलटं झालंय. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणीला जातात असं आढळलं. शहरात ते प्रमाण आणखी थोडं जास्त, तिसाच्या वर. आमच्या सोसायटीत हा आकडा सांगितला तर लोक विचारतील, बाकीचे ७० टक्के राहतात कुठे? इथे ज्याला शिकवणी नाही त्याच्या आईला कारण द्यावं लागतं.

आणि चांगल्या शिकवणीचा पत्ता कुणी देत नाही. कामवाल्या मावशींचा नंबर देतील, गॅस एजन्सीतल्या ओळखीच्या माणसाचा देतील, पण पहिल्या पाचात येणाऱ्या मुलाच्या आईला विचारा, उत्तर ठरलेलं: "अगं, तो त्याचं त्याचंच करतो." त्याचं त्याचं करणारा तो मुलगा फडके रोडवरच्या एका जिन्यातून रात्री साडेआठला उतरताना मी स्वतः पाहिलाय. त्याच्या आईनंही मला पाहिलं. दोघी फुलपुडी घ्यायला आल्यासारख्या फुलवाल्याकडे वळलो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर वेगळी गंमत. पाच मिनिटांत अकरा नावं येतात, त्यातली निम्मी सांगणाऱ्यांच्या नणंदा, जावा नाहीतर स्वतःच असतात. मग आमच्यासारखे लोक जुन्या पद्धतीवर येतात. क्लासच्या दाराबाहेरच्या चपला मोजायच्या. चपला फार कमी असतील तर काहीतरी गडबड आहे, आणि जिन्याच्या तीन पायऱ्या खाली आल्या असतील तर आपल्या मुलीकडे कोण बघणार? दारासमोरच मावतील इतक्या चपला असल्या की ठीक. शाळेची काळी पॉलिशवाली बुटं जास्त असतील तर मुलं शाळेतून परस्पर येतात, म्हणजे आई-वडील दोघंही मुंबईला. यावरून बॅचची वेळही कळते.

ही शेवटची गोष्ट डोंबिवलीत फार महत्त्वाची. सकाळी लोकल पकडून गेलेली माणसं रात्री घरी येतात, मध्ये मूल शाळेतून सुटतं, आणि आजी-आजोबा असले तरी त्यांचे गुडघे त्याच्या मागे धावत नाहीत. त्यामुळे शिकवणी ही अर्धी शिकवणी आणि अर्धं पाळणाघर असते. सहा ते आठ मूल कुठल्या तरी जबाबदार माणसासमोर मांडी घालून बसलेलं आहे, हे गाडीत उभ्या असलेल्या बाईला किती मोठं असतं ते तिलाच ठाऊक. ठाणं सुटताना क्लासचा "आज उपस्थित" असा मेसेज आला की निम्मा डबा उसासा टाकतो. पाहणीत शिकवणीवरचा खर्च "शिक्षण" या सदरात धरतात. आमच्या डब्यातल्या बायका तो वेगळ्या सदरात धरतील.

सुरुवातीला आम्ही घरी येणारे सर ठेवले होते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, हुशार, मितभाषी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. सर घरी येणार म्हणजे पहिली शिकवणी घरच्यांची. टीव्ही बंद. कुकर त्यांच्या आधी नाहीतर नंतर. दोरीवरचे कपडे आत. चहाबरोबर काय द्यायचं यावर सासूबाईंचं आणि माझं बोलणं झालं. पहिल्या दिवशी पोहे दिले तर पायंडा पडेल, नुसती बिस्किटं दिली तर बरं दिसत नाही. बिस्किटांवर ठरलं. पण खरी अडचण अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची होती. हॉलमधली आरामखुर्ची हलवायला ते तयार नव्हते. पेपर समोर धरून पूर्ण तास ते शिकवणीला बसायचे. चक्रवाढ व्याज आलं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"सर, तुम्हाला औटकी येते का?"

सर गप्प. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अण्णांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळं घोकलेलं. व्याजाचा दर साडेतीन टक्के असला की त्यांना कागद लागत नाही.

"नाही आजोबा," सर फार अदबीनं म्हणाले, "ती सिलॅबसला नाहीये."

त्या दिवसापासून अण्णांनी सरांना मनातून नापास केलं आणि लेकीनं अण्णांना विचारून परस्पर उत्तरं लिहायला सुरुवात केली. पायऱ्या नसल्यानं तिचे गुण गेले, ते निराळं. पुढे त्या मुलाला कॅम्पसमधून नोकरी लागली आणि तो पुण्याला गेला. जाताना तो अण्णांच्या पाया पडला, हे मला आवडलं.

मोठे क्लासही पाहिले. एसी, काचेचं दार, रिसेप्शनवर "काउन्सेलर". निकाल लागले की रस्त्यावर यांचे फ्लेक्स लागतात, आणि एकाच मुलाचा तोच हसरा फोटो दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर असतो. त्या पोराला बिचाऱ्याला विचारायचं तरी कुणी! नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी नियमावली काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही, आणि तीही निकालानंतर घ्यायची, असं त्यात आहे. त्याच वर्षी जानेवारीत शिक्षण मंत्रालयानं १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. आमच्या त्या काउन्सेलरनं सहावीपासूनच्या "फाउंडेशन"चं माहितीपत्रक हातात दिलं. मी वयाचं काढलं तर ती गोड हसली आणि म्हणाली, "मॅम, लवकर सुरू केलं की प्रेशर येत नाही." फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. तरी पालकांची रांग होती. मीही रांगेतच होते म्हणा. शिवाय आत घेण्याआधी ते मुलांची परीक्षा घेतात, आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एक ताई मागच्याच गल्लीत आहेत. त्यांच्या दाराबाहेर चपला बऱ्याच होत्या.

ऑनलाइनबद्दल लिहीत नाही. कॅमेरा बंद ठेवून मुलं काय करत होती हे लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी पाहिलंय.

शेवटी मिळाल्या त्या बाई, ओळखीतल्या ओळखीतून. शाळेतून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेर जास्वंद, आत सतरंजी. फळा नाही. सहा मुलं गोल बसतात आणि बाई मध्ये नसून एका बाजूला भाजी निवडत असतात. मला धसकाच बसला. पण त्या मेथीच्या काड्या खुडता खुडता सहाही वह्यांकडे बघतात. सोडवून काही दाखवत नाहीत. "तू काय केलंस ते मला सांग," म्हणतात. मूल सांगायला लागतं आणि तिसऱ्या ओळीवर आपणच थांबतं. मग बाई म्हणतात, "हं, पुढे."

फी विचारायला आम्ही दोघं गेलो होतो. त्यावर त्यांनी आई-बापाला घाम फोडणारं उत्तर दिलं: "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते." आता योग्य म्हणजे किती? कमी दिलं तर मुलीकडे दुर्लक्ष, जास्त दिलं तर बाकीच्या पाचांच्या आया आपल्याला खाणार. दारातून बाहेर पडल्यावर जास्वंदीजवळ उभं राहून आम्ही आकडा ठरवला. मे महिन्याची फी द्यायची का, दिवाळीच्या सुट्टीची कापायची का, हे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. माझ्या माहितीतलं कुणीच ते सोडवलेलं नाही. सगळे देतात आणि घरी येऊन कुरकुरतात.

लेक बाईंकडे जायला लागली आणि घरातले संध्याकाळचे आवाज खाली आले. गुण वाढले, पण फार नाही. एक वेगळीच गोष्ट झाली, तिची मला तयारी नव्हती. ती बाईंशी बोलायला लागली. वर्गात एका मैत्रिणीशी तिचं फाटलंय, चित्रकलेची इंटरमिजिएट द्यायची आहे, सायन्स नको वाटतं, हे सगळं मला बाईंकडून कळलं, फी द्यायला गेले तेव्हा. वाईट वाटलं. पण घरी तिनं "सायन्स नको" म्हटलं असतं तर आम्ही दोघांनी एकाच श्वासात "मग काय करणार?" विचारलं असतं. बाई नुसत्या मेथी निवडत बसल्या असणार.

नववी संपत आली तसं बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. मला वाटलं, तक्रार. तर त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हिला पाठवू नका. हिची ही करेल आता. अडलं तर येऊन विचारेल."

खरं तर पेढे वाटायचे. पण नवऱ्याचा चेहरा पडला. "दहावीचं वर्ष आहे बाई," तो म्हणाला, "आत्ताच कसं सोडता?" मी शास्त्र घ्या म्हटलं. बाई म्हणाल्या, ते तिला येतं. मग भूमिती तरी घ्या. तीही येते. नवऱ्यानं फीचा विषय काढला, तेव्हा मात्र बाई चिडल्या. पहिल्यांदाच चिडलेल्या पाहिल्या. शिकवणी मिळावी म्हणून लोक आर्जवं करतात हे ठाऊक होतं. शिकवणी सुटू नये म्हणून आम्ही करत होतो. बरीच घासाघीस झाल्यावर त्यांनी शनिवारचा एक तास दिला. "पण तो तिच्यासाठी नाही," एवढं बजावलं.

त्या तासात लेक बाईंच्या पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवते, असं नंतर समजलं. फी आम्हीच भरतो. फार छान शिकवते म्हणे, अजिबात आवाज चढवत नाही, एकेका पोराला चार-चार वेळा सांगते. मग घरी येते आणि धाकट्या भावाची वही बघून ओरडते, "एवढं साधं कळत नाही तुला?"

धाकट्यासाठी आता आम्ही शिकवणी शोधतोय. कुणाच्या पाहण्यात असेल तर सांगा. चपला मी मोजून येईन.