महालातला वाडा आणि डिसेंबरची थंडी

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. त्या रात्री आम्ही महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या वाड्यात होतो. नागपूर म्हणजे मे महिन्यातलं ऊन, एवढंच ठाऊक असलेली माझी पुण्याची बायको दोन गोधड्या घेऊनही कुडकुडत बसून होती, आणि आत्या गुडघे धरून म्हणत होती, "काहून रे, शेगडी पेटव ना." बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच जीव जातो. मी पेटवू दिली नाही. पण सुट्टीत चार दिवस यायचं तर वाडा हिवाळ्यातही राहण्याजोगा करायचा, हे तिथंच ठरलं.

आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, वारसांची नावं चढवण्यात पहिलं वर्ष गेलं. महापालिकेच्या वारसा यादीत आपलं घर आहे का, हेही आधीच बघून घेतलं. यादीत असेल तर हेरिटेज समितीला विचारल्याशिवाय दर्शनी भागाला हात लावता येत नाही. आमचं नव्हतं. तरी दारावरची नक्षी, ओसरीचे सागवानी खांब आणि चौक जसेच्या तसे ठेवायचे, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं.

पहिलं काम भिंतींचं होतं. दोन फूट जाडीच्या विटांच्या या भिंती मुळात चुन्यातल्या, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा केला होता. पाया जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्यातून ती हवेत निघून जाते, सिमेंट तिला अडवतं. मग ती गिलाव्याच्या वर चढते, खार फुटतो, पोपडे सुटतात. शिवाय ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता बाहेर नेते. म्हणजे थंडीचं एक कारण त्या सिमेंटमध्येच होतं, आणि ते कळायला मला फार उशीर झाला.

आतल्या बाजूचं सिमेंट खरवडून काढलं. मुलांची सुट्टी म्हणून मी एप्रिलमध्येच चुन्याचं काम काढलं. गवंडीकाका म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात नका करू, चुना जळून जाते." मी ऐकलं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि त्यासाठी त्यात ओलावा टिकावा लागतो. आमचा गिलावा दोन दिवसांत वाळला, आठवड्यात भेगाळला, आणि सगळा उतरवावा लागला. पाऊस संपल्यावर पुन्हा सुरुवात केली. महिनाभर भिजवलेला चुना, दुप्पट वाळू, चुन्याइतकीच सुरखी (विटांची भुकटी) आणि कालवायला बेलफळाचं नि गुळाचं पाणी. गोणपाट ओलं करून रोज तीनदा भिंतीवर धरलं. त्या भिंतीवर आज एकही भेग नाही.

लाकूड मात्र थोडक्यात निभावलं. एकाच तुळईला वाळवी होती. लकडगंजातून जुनं सागवान आणून तेवढं टोक बदललं.

आता उबेचं. वर्षभर बंद असलेल्या घराच्या भिंती थंडीत गार पडलेल्या असतात. चार दिवसांसाठी येऊन अख्खा वाडा तापवायला बसलो, तर जायची वेळ येईपर्यंत भिंतीच उष्णता पीत राहणार. म्हणून ऊब फक्त माजघरात करायची ठरवलं. दहा बाय बाराची खोली, चारही बाजूंनी घरानं वेढलेली. तिथली ऊब जात होती ती वरून. पाटणीवरचा, म्हणजे लाकडी फळ्यांच्या छतावरचा, मातीचा थर मागच्या दुरुस्तीत काढला होता आणि फळ्यांच्या फटींतून गरम हवा थेट माळ्यावर पळत होती. तुळया तपासून घेतल्या, कारण दोन इंच माती चौरस फुटाला सात-आठ किलो भरते. मग फळ्यांवर चटई आणि तिच्यावर कुटार (धान्याचा भुसा) कालवलेली माती असा थर पुन्हा दिला. दाराच्या फटींना नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, लावला.

एवढं झाल्यावरच हीटर घेतला, तेलाचा, २००० वॅटचा. तो नऊ अँपिअर ओढतो. लाकडी पट्टीतली जुनी वायर तो भार पेलणार नव्हती, म्हणून मीटरपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तार, १६ अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग आणि विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच बसवला. भिंत न फोडता तार खांबाच्या कडेनं लाकडी पट्टीतूनच नेली. इलेक्ट्रिशियनला ते आवडलं नाही, पण मी अडून राहिलो. खोलीत धुराडं नसलेला गॅस हीटर नको, हेही सांगतो: जळताना पाणी तयार होतं आणि ते गार भिंतीवर बसतं.

गेल्या डिसेंबरात रात्री आठला हीटर लावला, अकराला बंद केला. सहा युनिटं गेली. पहाटे चौकात ९ अंश होते, माजघरात १८. आत्या सकाळी सातपर्यंत झोपली होती. उठल्यावर भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "कोरडी झाली रे ही."

उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीचं सिमेंट अजून काढायचं आहे. चुना भिजत घातला आहे. यंदा दसऱ्यानंतर जाणार आहे.