तुम्ही विचारलंत म्हणून: मी त्यांच्या लग्नाच्या बाजूनं का आहे

"ज्यांच्यामुळे तुझं वाटोळं झालं, त्यांच्याच लग्नाची तू बाजू घेतेस?" मामानं विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, सख्ख्या भावानं भाऊबीजेच्या ताटावर बसून विचारलं. माझं लग्न एका समलिंगी पुरुषाशी लावून दिलं होतं आणि ते मोडलं, हे आता नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत सगळ्या ओळखीच्यांना ठाऊक आहे. ते परत सांगत बसत नाही. पण दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना कायद्यानं लग्न करता आलं पाहिजे, असं मी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव येते, ती मला आता सहन होत नाही. मला भुरळ पडली आहे, मी अजून त्याच्यात अडकले आहे, मला चारचौघांत मोठं मन दाखवायचं आहे, असं काय काय तुम्ही माझ्या पाठीमागे बोलता ते माझ्या कानावर येतं. एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझ्या लग्नाकडे नीट बघा. २०१२ च्या मे महिन्यात ठाण्यातल्या कार्यालयात लागलं. एक पुरुष, एक स्त्री. पोटजात एक, गोत्र वेगळं, पत्रिका जुळलेली. अंतरपाट, मंगलाष्टकं, लाजाहोम, सप्तपदी, सगळं मुहूर्तावर. नंतर महापालिकेत नोंदणी. धर्माच्या, कायद्याच्या, समाजाच्या कुठल्याही कसोटीवर माझं लग्न नापास झालं नसतं. समलिंगी लग्नाला मान्यता मागणाऱ्या याचिकांवर २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की लग्न म्हणजे जैविक पुरुष आणि जैविक स्त्री यांचंच बंधन. ते वाचून मला वाटलं, माझं बंधन तर अगदी तसंच होतं. त्याचं काय झालं ते एकदा येऊन बघा.

आता ते सांगते, जे मी आईलासुद्धा पुरतं सांगितलेलं नाही.

लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. आमच्यात नवरा-बायकोचं काही झालेलं नव्हतं. पहिले महिने तो दमलेला असायचा, मग त्याची पाठ दुखायची, मग मी विचारणं सोडून दिलं. माझ्यातच काहीतरी कमी आहे असं मी धरून चालले होते. केस कापून बघितले, वजन कमी करून बघितलं. त्यातच ११ डिसेंबर २०१३ आला. दिल्ली हायकोर्टानं २००९ मध्ये कलम ३७७ बाबत दिलेला निकाल सुप्रीम कोर्टानं त्या दिवशी फिरवला आणि समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले. आम्ही जेवत होतो, बातम्या चालू होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, काय तो घाणेरडेपणा." तो ताटावरून उठला आणि हात न धुता आत गेला. मला काहीच कळलं नाही. मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

जानेवारीत सासूबाईंनी मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. "दीड वर्ष झालं, अजून काही नाही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "संबंध नियमित येतात ना?" प्रश्न मला होता, उत्तर सासूबाईंनी दिलं. "हो हो, त्यात काही नाही." मी मान खाली घालून बसले. मग पाळीच्या तारखा, रक्ताच्या चाचण्या, थायरॉइड, नळ्या बंद आहेत का ते बघायला डाय टाकून एक्स-रे काढावा लागेल, असं सगळं कागदावर उतरलं. आणि मला आतून तपासायला टेबलावर घेतलं. सासूबाई पडद्याच्या अलीकडेच उभ्या होत्या. मी इतकी आकसले, इतकी रडायला लागले, की डॉक्टरांनी हात थांबवला. त्यांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं, माझ्या पायांवर चादर ओढली आणि अगदी हळू विचारलं, "बाळा, कधी झालंय का तुमच्यात काही?" मी नाही म्हटलं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला हा प्रश्न विचारला होता. त्यांनी तो चाचण्यांचा कागद फाडला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. तपासायचं काही असेल तर ते तुमच्यात नाही."

परत येताना रिक्षा गोखले रोडच्या गर्दीत अडकली होती. सासूबाईंनी विचारलं, "काय सांगितलंस तिला?" मी बोलले नाही. मग त्या आपणहूनच समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघ, एक मूल होऊ दे, मग तो आपोआप संसाराला लागेल. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना तेव्हा."

"तेव्हा म्हणजे कधी?" मी विचारलं.

त्या गप्प झाल्या. राम मारुती रोड येईपर्यंत मी तोच प्रश्न विचारत राहिले. शेवटी त्यांनी सांगितलं. तो बी.कॉम.ला असताना त्याच्या बॅगेत कुणाची तरी चिठ्ठी सापडली होती. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या दिल्या, कुठल्याशा महाराजांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लग्न करून द्या, सुटेल. म्हणून मला बघायला आले. कांदेपोहे, माझा मार्कांचा दाखला, माझा स्वयंपाक. "मुलगी शांत आहे" हे त्यांना माझ्यात सगळ्यात आवडलं होतं, आणि ते का आवडलं होतं ते मला रिक्षात कळलं.

माझं वाटोळं कुणी केलं याचा हिशेब मी तिथून मांडते. तुम्ही तो माझ्या नवऱ्यापासून मांडता.

त्यालाही मी दोषातून सोडत नाहीये, हे लिहून ठेवा. तो तेव्हा तिशीला टेकलेला होता, कमावता होता, त्याला तोंड होतं. उपवनच्या तळ्याकाठी बसून त्यानं मला सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला, "नाही म्हटलं असतं तर आईनं जीव दिला असता." मी म्हणाले, "म्हणून माझा घेतलास?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. माफ न करता त्याच्या हक्काच्या बाजूनं उभं राहता येत नाही, हे कुणी ठरवलं? ज्याच्यावर माझं प्रेम आहे त्याच्यासाठीच मी न्याय मागायचा का?

वकिलीणबाईंनी मला दोन-तीन वाटा दाखवल्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून घेता येईल. त्यासाठी एकतर तो नपुंसक आहे असं दाखवायचं, नाहीतर महत्त्वाची गोष्ट लपवून माझी संमती घेतली असं म्हणायचं, आणि फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. कलम १३ मध्ये बायकोसाठी आणखी एक कारण आहे, तिथं गुदामैथुन हा बलात्कार आणि पशुगमनाच्या ओळीत बसवलेला आहे. म्हणजे खरं कारण अर्जावर लिहायचं तर ज्या गोष्टीला तेव्हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, ती कोर्टाच्या कागदावर त्याच्या नावापुढे माझ्या हातानं लिहायची. ते मला जमलं नाही. आम्ही संमतीनं घटस्फोट घेतला. आणि पुढची कितीतरी वर्षं "का मोडलं?" या प्रश्नाला मी "पटलं नाही" एवढंच उत्तर देत राहिले. त्या रिकाम्या जागेत लोकांनी आपापलं कारण भरलं. मी वांझ आहे. माझं बाहेर काही होतं. मला स्वयंपाक येत नव्हता. तुम्हीही भरलंत, मला आठवतंय. ३७७ नं त्याला गुन्हेगार केलं, हे सगळे म्हणतात. त्याच कलमानं मला माझ्या स्वतःच्या आयुष्याबद्दल खरं बोलायची बंदी केली होती, हे कुणीच म्हणत नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं, तेव्हा मी नाचले नाही. मला संताप आला. टीव्हीवर झेंडे, मिठ्या, पेढे. यांना सुटका मिळाली, माझी दीड वर्षं आणि पुढची अब्रू कोण देणार? त्या वेळची मी आज माझ्याशी भांडते. म्हणते, तू त्यांची वकिली करतेस, तुझ्यासारख्या बायकांची कोण करतं? तिचं खोटं नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी त्या निकालात लिहिलं की इतिहासानं या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांत मी येते का? ती म्हणते, नाही, तुला त्यांनी डोळ्यांसमोर धरलेलंच नाही. मी म्हणते, येते, कारण ज्या भिंतीमागे तो कोंडला होता ती भिंत झाकायला मला उभं केलं होतं. आमचं हे भांडण मिटलेलं नाही.

पण लग्नाच्या हक्काला विरोध करणाऱ्यांना मी एकच विचारते. तुम्ही म्हणता त्यांना लग्न देऊ नका. मग ते करतात कुणाशी, ते बघितलंत का? ते आमच्याशी करतात. तुमच्या मुलींशी करतात. तुम्ही जे पावित्र्य राखताय त्याचं भाडं आम्ही भरतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं, ठराव करून कोर्टाला सांगितलं की देशातले ९९.९ टक्क्यांहून जास्त लोक याच्या विरोधात आहेत. माझ्यासारख्या बाईकडे कुणी विचारायला आलं नव्हतं. सरकारनं म्हटलं, ही शहरी उच्चभ्रूंची कल्पना आहे. माझे सासरे एसटीत होते, घर दोन खोल्यांचं होतं. आणि ज्या "संस्कृती"चा धाक घालता, तिनं त्या घरात काय केलं ते वर लिहिलं आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. निदान त्यांच्या नात्याला कायद्यानं मान्यता द्यावी, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल म्हणाले, उरलेल्या तिघांना ते पटलं नाही. २०२५ च्या जानेवारीत फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. तिकडे तैवानमध्ये २०१९ पासून अशी लग्नं होतात, थायलंडमध्ये २०२५ पासून. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ मध्ये पहिल्या लग्नाची नोंद झाली.

तुम्ही म्हणाल, कायदा असता तर तुझी सासू सुधारली असती का? बहुतेक नाही. समलिंगी माणसाला "बरं" करायचे उपचार हा डॉक्टरी व्यवसायातला गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं, तरी "लग्न करून द्या" असा सल्ला देणारे आजही असतील. कायदा आला म्हणून मी वाचले असते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हा प्रश्न मला रात्री छळतो. पण आईला दाखवायला त्याच्याकडे दुसरी काही वाटच नव्हती, हे मला माहीत आहे.

हे मला इतकं पक्कं का वाटतं, तेही सांगते. अलीकडे एक बाई माझ्याकडे आल्या. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मुलानं त्यांना सांगितलं आहे की मुलींमध्ये त्याला रस नाही, एक मित्र आहे, त्याच्यासोबतच राहायचं आहे. तरी त्याचं लग्न एका मुलीशी ठरलं आहे. त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारते. लग्नानंतर किती दिवसांत फरक पडतो?" माझे हात थरथरत होते. पण त्या दुष्ट नव्हत्या. त्या परत परत एकच म्हणत होत्या, "मी गेल्यावर त्याचं कोण?"

मी मुलाला फोन केला. त्या मुलीला सांग, म्हटलं. तो म्हणाला, "काकू, आईला काय सांगू? हा माझा कोण? पीएफला आई-बाबा माझ्यावर अवलंबून आहेत म्हणून याचं नाव लागत नाही. मी गेलो तर याला घराबाहेर काढतील." मी म्हटलं, जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडता येतं, नॉमिनी करता येतं, असं अर्थ मंत्रालयानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं आहे. तो म्हणाला, "आई विचारते तुझं कोण, तिला पासबुक दाखवू?" मला पुढे बोलता आलं नाही. त्याच्या आईला जे उत्तर हवं आहे ते माझ्याकडे नाही. ते कायद्याकडे आहे, आणि तुम्ही ते देऊ देत नाही.

साखरपुडा दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत त्यानं मुलीला सांगितलं नाही तर मी सांगेन, असं मी त्याला बजावलं आहे. एखाद्याची अशी गोष्ट त्याच्या मर्जीविरुद्ध उघड केली तर त्याचं घर, नोकरी, जीव, काहीही जाऊ शकतं, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घटस्फोटाच्या वेळी मी हेच टाळलं होतं. या वेळी टाळायचं नाही असं ठरवलं आहे, आणि तरी ते बरोबर आहे असं मला मनापासून वाटत नाही. मुलीचा नंबर मी मिळवून ठेवला आहे.