तुम्ही विचारलेत म्हणून : लाल सेनेची गाणी मी अजूनही का ऐकते

रशियन भाषेचा गंध नसताना तुम्ही लाल सेनेची, म्हणजे सोव्हिएत फौजेची, गाणी तासन्‌तास कशी ऐकता, हा प्रश्न मला फार पूर्वीपासून विचारला जातो. २०२२ पासून त्याला एक पुरवणी जोडली गेली आहे : युक्रेनवरच्या आक्रमणानंतरही ती ऐकवतात कशी? दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे, पण त्याचे उत्तर पहिल्याच्या उत्तरात दडलेले असल्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

जगभर ‘रेड आर्मी कॉयर’ म्हणून ओळखला जाणारा अलेक्सांद्रोव समूह १९२८ साली मॉस्कोत उभा राहिला, तेव्हा त्यात जेमतेम १२ माणसे होती : आठ गायक, दोन नर्तक, एक निवेदक आणि बायान, म्हणजे बटणांचे रशियन अकॉर्डियन, वाजवणारा एक वादक. संस्थापक अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव हे बालपणापासून चर्चमध्ये गायलेले, आणि क्रांतीनंतरची काही वर्षे मॉस्कोच्या ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रलमधील गायकवृंदाचे प्रमुख. रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्ये वाजवली जात नाहीत. सगळा भार गळ्यावर असतो आणि म्हणूनच तिथे खर्जाच्याही तळाशी उतरणारे गायक पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले. १९३१ साली स्तालिनच्या राजवटीने ते कॅथेड्रल सुरुंग लावून पाडले, पण त्याच्या भिंतींत घडलेला आवाज तोवर लष्करी गणवेश चढवून सरकारी रंगमंचावर जाऊन पोहोचला होता. मी ऐकते तो हा आवाज.

व्होल्गा नदीकाठी दोराने नावा ओढणाऱ्या मजुरांचे गीत या समूहाचे गायक लिओनिद खारितोनोव यांच्या आवाजात ऐकून पाहा. सुरुवातीला समूह इतक्या हलक्या स्वरात गातो की मजुरांची रांग अजून नदीच्या वळणापलीकडे असावी असे वाटते. मग मुख्य गायकाचा खर्ज येतो, स्वर चढत चढत अगदी अंगावर येतात, आणि ती माणसे आपल्यासमोरून ओढत, धापा टाकत पुढे निघून जावीत तसे विरत जातात. एकाने उचलायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे, ही रीत शाहीर आणि झीलकऱ्यांच्या साथीवर वाढलेल्या कानाला परकी वाटत नाही. नाते त्याहून जवळचेही आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात याच लाल सेनेने लढलेल्या स्तालिनग्राडच्या लढाईवर अण्णा भाऊ साठे यांनी मराठीत पोवाडा रचला होता.

‘कालिंका’ या समूहाच्या गाजलेल्या गाण्याबद्दल मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. ते अनाम लोकगीत नव्हे. इवान लारियोनोव यांनी ते १८६० साली सारातोव शहरात रचले, आणि लोकांनी ते इतके आपलेसे केले की रचनाकाराचे नाव मागे पडले. त्यातला समूह संथ सुरू होऊन भरधाव सुटतो, एकदम थांबतो, आणि त्या शांततेत एकटा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, आपला दीर्घ स्वर लावतो. १९४८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या बेचिराख जेंडार्मेनमार्क्ट चौकात विक्तोर निकितीन यांनी हेच गीत गायले आणि जर्मन श्रोत्यांनी ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. त्याच वेळी सोव्हिएत सेनेने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे रोखून धरली होती. गाणे सुंदर होते आणि ते कारणासाठी पाठवलेही गेले होते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे न मानणाऱ्यांशी माझे जमत नाही.

म्हणूनच ‘कलेला राजकारण नसते’ हे गुळगुळीत उत्तर मी देत नाही. हा समूह संरक्षण खात्याचा आहे. २०१४ मध्ये क्रिमियाचा ताबा घेणाऱ्या, गणवेशावर कोणतीही खूण नसलेल्या सैनिकांचे कौतुक करणारे गीत त्यानेच गायले. २५ डिसेंबर २०१६ रोजी सोची शहराजवळ काळ्या समुद्रात कोसळलेले विमान सीरियातील रशियन हवाई तळाकडे निघाले होते. त्यात ९२ जण गेले, पैकी ६४ या समूहाचे, आणि त्यांत प्रमुख वालेरी खालीलोवही होते. ती बातमी वाचून मला घरच्या माणसांसारखे दुःख झाले, पण ते कुठे आणि कशासाठी निघाले होते हेही विसरता आले नाही.

क्रिमियाचे गीत मी लावत नाही. १९४१ चे ‘पवित्र युद्ध’ लावते. जर्मन हल्ल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, २४ जूनला, लेबेदेव-कुमाच यांची कविता वृत्तपत्रांत छापून आली, अलेक्सांद्रोव यांनी तिला तातडीने चाल दिली आणि आघाडीवर निघालेल्या सैनिकांपुढे ती मॉस्कोच्या बेलोरुस्की रेल्वे स्थानकावर गायली गेली. नवल म्हणजे हे कूचगीत तीन मात्रांत बांधलेले आहे. पावले दोनांत पडतात आणि गाणे तीनांत चालते, त्यामुळे त्यात संचलनाचा डौल नाही, एक जड, न थांबणारी लाट आहे. ते गाणे ऐकत लढायला गेलेल्या लाल सेनेत लाखो युक्रेनी होते, आणि तेव्हा घर त्यांचेही पेटले होते. आज तेच गीत मॉस्कोच्या ९ मेच्या, म्हणजे विजयदिनाच्या, संचलनात वाजते. त्याची चित्रफीत मी उघडत नाही; मला साठच्या दशकातील ध्वनिमुद्रणे पुरतात.